चौथाई नको, हिशेब द्या

तीस दिवस.

मुदत एवढीच आहे. ती वाढणार नाही.

हे पश्चिम बंगाल सरकारला उद्देशून आहे. हा अर्ज नाही. निवेदनही नाही. अर्ज, निवेदने, याचिका सगळे होऊन गेले.

आम्ही कोण, ते आधी.

आम्ही कोलकात्यात राहणारे, कर भरणारे लोक. आमच्यात निवृत्त लेखापाल आहेत. शाळेत पीटी शिकवणारे आहेत. फुटबॉलचे आणि पोहण्याचे प्रशिक्षक आहेत. दरवर्षी दारात येणाऱ्या पोरांना दुर्गापूजेचा चांदा, म्हणजे वर्गणी, मोजून देणाऱ्या बायका आहेत. बंगाली जास्त, आम्ही मराठी थोडे. महापालिकेचे वॉर्ड १४४. प्रत्येक वॉर्डात आमचा माणूस आहे.

याहून जास्त ओळख आज देत नाही.

मराठ्यांचा इशारा या शहराला नवा नाही. १७४२ साली बर्गी, म्हणजे मराठे घोडेस्वार, येणार या धास्तीने कोलकात्याच्या रहिवाशांनी पदरचे पैसे घालून खंदक खणायला घेतला. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल झाला आणि काम थांबले. मराठे शहरात आलेच नाहीत. पुढे खंदक बुजवला गेला आणि त्या वाटेने सर्क्युलर रोड झाला. बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे.

पैसा लोकांचा, काम अर्धवट. इथली रीत तेव्हापासूनची दिसते.

या वेळी घोडे नाहीत. वह्या आहेत.

चौथाई मागायला कोणी आलेले नाही. दिलेल्या पैशाचा जमाखर्च पाहायचा आहे.

२०११ साली सत्ताबदल झाला. त्यानंतर राज्याचे क्रीडा खाते पाड्यापाड्यातल्या क्लबांना पैसे देऊ लागले. बंगाली पाडा म्हणजे आपली आळी. पहिल्या वर्षी २ लाख रुपये, पुढच्या वर्षांत १-१ लाख. त्यातून खेळाचे साहित्य घ्यावे, खोली दुरुस्त करावी, पोरांना मैदानात उतरवावे, असे सांगण्यात आले.

हेतू चांगला होता. आम्ही गप्प राहिलो.

२०१८ मध्ये दुर्गापूजेची पाळी आली. २८,००० मंडळे, प्रत्येकी १०,००० रुपये. एकूण २८ कोटी. कारण सांगितले रस्ता सुरक्षेचे: ‘सेफ ड्राइव्ह, सेव्ह लाइफ’. लोक न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाने हस्तक्षेप केला नाही. सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही. आम्ही निकाल मान्य केला.

२०१९ मध्ये २५,०००.

२०२० मध्ये ५०,०००. कारण बदलले. आता करोना होता. मास्क होते, सॅनिटायझर होते. आणि एक नवा शब्द आला: जनता आणि पोलीस यांच्यातला जिव्हाळा.

२०२२ मध्ये ६०,०००. २०२३ मध्ये ७०,०००. २०२४ मध्ये ८५,०००. २०२५ मध्ये १,१०,०००. वर वीजबिलात सवलत. तीही चढत चढत ८० टक्क्यांवर गेली.

सात वर्षांत अकरा पट.

राज्यात आणखी काय सात वर्षांत अकरा पट झाले? शाळेतल्या खेळाच्या शिक्षकाचा पगार? तालमीचे अनुदान? सरकारकडे उत्तर असेल तर ऐकू.

मंडळे कमीत कमी चाळीस हजार धरा. ४४० कोटी रुपये. एका वर्षाचे, एका सणाचे. राज्याच्या डोक्यावर कर्ज सात लाख कोटींच्या पुढे.

आता २०२०कडे परत जाऊ. तिथे एक आकडा आहे, तो आमच्या लेखापालांना झोपू देत नाही.

१६ ऑक्टोबर २०२०. कलकत्ता उच्च न्यायालयाने अनुदानाची विभागणी करून दिली. ७५ टक्के मास्क आणि सॅनिटायझरवर. २५ टक्के पोलीस आणि जनता यांच्या संबंधांवर. पावत्या जपून ठेवा, सादर करा, असेही सांगितले.

५०,०००चे २५ टक्के म्हणजे १२,५०० रुपये.

म्हणजे प्रत्येक मंडळाने १२,५०० रुपयांचा जिव्हाळा विकत घेतला. कोणत्या दुकानातून? पावतीवर काय लिहिले? तो पुढच्या वर्षापर्यंत टिकला, की पुन्हा घ्यावा लागला?

आम्ही थट्टा करत नाही. सरकारने ज्या नावाखाली पैसे दिले, त्याच नावाखाली आम्ही विचारतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने पुन्हा बजावले. जे मंडळ उपयोगिता प्रमाणपत्र देणार नाही, त्याला पैसे नाहीत. त्यावर सरकारने सांगितले की, एक्केचाळीस हजारांहून अधिक मंडळांपैकी फक्त तीन राहिली आहेत.

उत्तम.

म्हणजे बाकीची सगळी प्रमाणपत्रे आहेत. कुठल्या तरी कपाटात, कुठल्या तरी फायलीत आहेत. ती नाहीत असे सरकार आता म्हणू शकत नाही. ती आहेत, हे सरकारनेच न्यायालयात सांगितले आहे.

मग ती दाखवा.

एक गोष्ट लेखापालांच्या वतीने स्पष्ट करतो. उपयोगिता प्रमाणपत्र म्हणजे हिशेब नव्हे. पैसे ज्यासाठी मिळाले त्यासाठीच खर्च झाले, असे सांगणारा तो सही-शिक्क्याचा कागद. त्याच्या पाठीमागे पावत्या असाव्या लागतात. आम्हाला कागद हवा आणि त्याच्या पाठीमागचेही हवे.

यासाठी नवा कायदा नको. माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. त्याच्या चौथ्या कलमात लिहिले आहे की अनुदानाच्या योजना कशा राबवल्या, किती रक्कम दिली, लाभ कोणाला झाला, हे सरकारने आपणहून प्रसिद्ध करायचे. कोणी मागण्याची वाट पाहायची नाही.

वाट आम्ही पाहिली.

आता पैशाच्या वाटेबद्दल.

पूजेचा धनादेश मंडळाला पोलीस ठाण्यामार्फत मिळत आला. मांडवाला परवानगी लागते, तीही त्याच ठाण्याची. मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, रात्रीची गर्दी, सगळे त्याच टेबलावर ठरते. ज्या टेबलावरून मनाई होऊ शकते, त्याच टेबलावरून रक्कम मिळत आली.

ज्याने कधी उत्सवाचे मंडळ चालवले आहे, त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

मराठी माणसाला तर नाहीच. १८९३ नंतर आमचा सार्वजनिक गणपती वर्गणीवर उभा राहिला. पावतीपुस्तक हेच मंडळाचे कूळ आणि मूळ. बंगालमध्ये गोष्ट त्याहून जुनी आहे. हुगळी जिल्ह्यात गुप्तिपाड्याला बारा मित्रांनी पैसे काढून पूजा केली. बारा यार, म्हणून बारोवारी. १७९०ची ही गोष्ट सांगतात. जमीनदाराच्या वाड्यातली देवी वर्गणीने गल्लीत आली. पुढे १९१० साली भवानीपूरला शहरातली सार्वजनिक पूजा सुरू झाली. सिमला व्यायाम समिती १९२६ची. तिच्या नावात पूजा नाही. व्यायाम आहे.

हेच आमचे म्हणणे. इथल्या क्लबात लाठी, कुस्ती, फुटबॉल आणि देवी एका छपराखाली होती. समाज जोडण्याचे काम क्लब करत होते, तेव्हा कुठलेही खाते त्यांना पैसे देत नव्हते. दारोदार फिरणे हेच जोडणे होते. चार आणे देणारा म्हातारा पोरांना विचारायचा, गेल्या वर्षी ढाक वाजवणाऱ्याला किती दिले? पोरांना उत्तर द्यावे लागायचे.

धनादेश असे काही विचारत नाही.

सरकारला माणसे जोडलेली पाहायची असतील तर एक तारीख देतो. १८ ऑगस्ट २०२४.

त्या दिवशी सॉल्ट लेक स्टेडियमवर ड्युरँड कपचा सामना होता. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल. ९ ऑगस्टला आर. जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार होऊन तिचा खून झाला होता. शहर पेटले होते. बंदोबस्ताला पोलीस नाहीत म्हणून सामना रद्द झाला.

लोक तरीही आले. हिरवा-मरून आणि लाल-पिवळा एकत्र. सोबत मोहमेडन स्पोर्टिंगचे काळे-पांढरे. ज्यांच्या घराण्यांत शंभर वर्षे या रंगांवरून वाद चालत आले, ते खांद्याला खांदा लावून न्याय मागत होते. मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस पत्नीसह आला.

सामन्याला नव्हते ते पोलीस तिथे होते. त्यांनी लाठ्या चालवल्या.

त्या दिवशीच्या एकोप्याला सरकारचा एक पैसा लागला नव्हता. जनता आणि पोलीस यांच्या जिव्हाळ्यावर मात्र आधीच खर्च झाला होता.

त्याच वर्षी उत्तरपाड्यासह ठिकठिकाणच्या काही पूजा मंडळांनी ८५,००० रुपये नाकारले. पूजा केली, पैसे घेतले नाहीत. संख्या थोडी होती, पण त्यांनी पहिली ओळ लिहिली. आम्ही ती पुढे नेत आहोत.

खेळाचे बोलू. सरकारच्या यादीत शेवटचा शब्द तोच असतो.

२९ ऑगस्ट २०१८. जलपाईगुडीच्या स्वप्ना बर्मनने जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत हेप्टॅथलॉनचे सुवर्णपदक जिंकले. या प्रकारात भारताचे ते पहिलेच. बाप सायकल-व्हॅन ओढणारा. दोन्ही पायांना सहा-सहा बोटे, मापाचे बूट मिळत नव्हते. राज्याने १० लाख रुपये आणि नोकरी देऊ केली. हरियाणात अशा सोन्याला ३ कोटी मिळत होते. ओडिशाने दोन रौप्यपदकांसाठी द्युती चंदला ३ कोटी दिले.

त्याच पंधरवड्यात पूजांसाठी २८ कोटी जाहीर झाले.

बूट आणि मांडव. या दोन नोंदी एकाच पंधरवड्याच्या खतावणीत शेजारीशेजारी आहेत. आम्ही त्या शेजारी ठेवल्या नाहीत.

न्यायाने हेही लिहितो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंगालने हैदराबादेत केरळला हरवून संतोष करंडक तेहतिसाव्यांदा जिंकला. गोल रबी हांसदाचा. त्या मुलांना सरकारने नोकऱ्या देऊ केल्या. योग्य केले. पण करंडक आल्यावर नोकरी आणि करंडकाआधी चिखलाचे मैदान, हे धोरण होत नाही. तो सत्कार होतो.

आणि १३ डिसेंबर २०२५.

मेस्सी सॉल्ट लेक स्टेडियमवर आला. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली होती. मैदानात त्याच्याभोवती मान्यवरांचे कडे. प्रेक्षकांना तो दिसला नाही. वीसेक मिनिटांत तो गेला. खुर्च्या उखडल्या, बाटल्या उडाल्या. मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली, चौकशी समिती नेमली, क्रीडामंत्री पदावरून बाजूला झाले.

कार्यक्रम खासगी होता, हे आम्हाला ठाऊक आहे. स्टेडियम राज्याचे आहे, हे सरकारला ठाऊक असावे.

जिथे मुलाने खेळायचे तिथे माणसे फोटो काढायला उभी होती. क्रीडाखर्चाबद्दल आम्हाला जे सांगायचे ते त्या वीस मिनिटांत होते.

कोणी म्हणेल, हे पूजेच्या विरोधात आहेत. नाही. पूजा आमच्या पाड्यातली आहे. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने तिला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा आम्हीही पेढे वाटले. बंगाल्यांनी संदेश ही मिठाई वाटली.

कोणी म्हणेल, हे गरिबांच्या विरोधात आहेत. तेही नाही. लक्ष्मीर भांडार या बायकांसाठीच्या योजनेचे पैसे ज्या बाईच्या खात्यात गेले, तिच्याकडे आम्ही हिशेब मागत नाही. ते तिच्या नावावर गेले, खात्यात दिसले. कन्याश्री शिष्यवृत्तीची मुलगी शाळेत दिसते. आमचा प्रश्न त्या पैशाबद्दल आहे, जो दिल्यावर कुठेच दिसत नाही.

कोणी म्हणेल, दिल्लीने रोजगार हमीचे पैसे अडवले. अडवले. मार्च २०२२ पासून. ते चूकच होते. पण तिजोरीत येणे कमी झाले की जाणे तपासून द्यावे लागते. घरातली बाईही हे जाणते.

आणि ज्यांचे देणे खरोखर होते, ते थांबले होते. महागाई भत्त्यासाठी सरकारी कर्मचारी जानेवारी २०२३ पासून शहीद मिनारच्या पायथ्याशी बसले. १६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुदत घालून थकबाकीचा चौथा हिस्सा द्या म्हणून सांगितले. सरकारने मुदत वाढवून मागितली. पैशाची अडचण सांगितली.

३१ जुलैला त्याच सरकारने पूजांची रक्कम १,१०,००० केली.

तिथे अडचण नव्हती.

महाराष्ट्रातल्या वाचकाने हे वाचून सुस्कारा टाकू नये. जुलै २०२४ मध्ये टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकणाऱ्या संघाला महाराष्ट्र सरकारने ११ कोटी जाहीर केले. महिनाही पुरा झाला नव्हता, तोच कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला नेमबाजीत कांस्य जिंकले. त्याच्यासाठी पहिली घोषणा १ कोटीची होती. खाशाबा जाधवांना १९५२ला हेलसिंकीच्या ऑलिंपिकला जाता यावे म्हणून प्राचार्य खर्डेकरांना घर गहाण टाकावे लागले होते, हेही आपण अभिमानाने सांगतो. लाज वाटायला हवी तिथे. तर आमचा इशारा इथला आहे. मसुदा तिकडेही चालेल.

या शहरात मराठी माणसाने सरकारकडे आकडे मागण्याची रीत जुनी आहे. सखाराम गणेश देऊस्कर मराठी घराण्यातले. १९०४ साली त्यांनी बंगालीत ‘देशेर कथा’ लिहिली. देशाचा पैसा कुठून कुठे जातो, याचे आकडे मांडले. घोषणा कमी, कोष्टके जास्त. १९१० साली इंग्रज सरकारने पुस्तकावर बंदी घातली.

आकड्यांवर बंदी घालून आकडे मिटले नाहीत.

आता काय हवे ते.

२०११ पासून ज्या ज्या क्लबाला क्रीडा खात्याने पैसे दिले, त्याचे नाव, पाडा, वर्ष आणि रक्कम. २०१८ पासून ज्या ज्या पूजेला पैसे दिले, तिचेही तसेच. त्यांची प्रमाणपत्रे, पावत्यांसह. सगळे बंगालीत, कोणालाही उघडता येईल अशा जागी. क्लबाच्या दारावरही.

धनादेश पोलीस ठाण्यातून जाणार नाही. कधीच नाही.

क्रीडेच्या नावाचा पैसा क्रीडेलाच. प्रशिक्षकाच्या मानधनाला, पोहण्याच्या तलावाच्या पाण्याला, संध्याकाळी मुली खेळतात त्या मैदानाच्या दिव्यांना. कॅरम बोर्ड आणि टीव्ही यांना आम्ही खेळाचे साहित्य मानत नाही. क्लबातल्या दादांना वाईट वाटेल. वाटू दे.

आणि हे सगळे होईपर्यंत नवा धनादेश नाही.

सचिवालयात कोण बसते, हे आमच्या मागणीत नाही. चौतीस वर्षे एक आघाडी पाहिली, त्यानंतर एक पक्ष पाहिला. खुर्ची बदलली म्हणून जुनी वही जळत नाही. जो बसेल, तो उत्तर देईल. मागच्याचेही.

तीस दिवस का, तेही सांगतो. माहिती अधिकारात उत्तर द्यायला सरकारला तेवढेच दिवस असतात. आम्ही एक दिवस कमी दिला नाही.

एकतिसाव्या दिवशी एक काचही फुटणार नाही. बस जळणार नाही. बंद तर नाहीच. बंदची या शहराला इतकी सवय आहे की त्या दिवशी लोक मासळी आणून झोपतात.

त्या दिवशी १४४ वॉर्डांतून अर्ज जातील. एक क्लब, एक अर्ज. दहा रुपये शुल्क आम्ही भरू. अधिकाऱ्याला प्रत्येक अर्जाला वेगळे उत्तर द्यावे लागेल. नाही दिले तर अपील. अपिलानंतर आयोग. आयोगानंतर न्यायालय. या पायऱ्या चढायला आमच्याकडे निवृत्त माणसे आहेत. त्यांना वेळच वेळ आहे.

त्या दिवसापासून हिशेबाचा फलक दारावर नसलेल्या क्लबाला आमच्या घरांतून चांदा मिळणार नाही. पोरे आली तर चहा देऊ. पैसे नाही.

आणि प्रत्येक पाड्यात, चहाच्या टपरीपाशी, संध्याकाळी सात वाजता त्या पाड्याच्या क्लबाचे नाव आणि त्याला मिळालेली रक्कम वाचून दाखवली जाईल. रोज. कोलकात्याच्या मोठ्या मैदानावर सभा घेणार नाही. ते मैदान लष्कराचे आहे, परवानगीत महिना जाईल. टपरीला परवानगी लागत नाही.

वाचणारा त्याच पाड्यातला असेल. ऐकणारेही. क्लबाचा सेक्रेटरीही तिथेच चहा पितो.

आम्ही काही भाष्य करणार नाही. नाव वाचू, रक्कम वाचू, थांबू.

मुदत सोमवारी सुरू होते. अर्जांचे नमुने छापून झाले आहेत. वॉर्डांत गठ्ठे पोचले आहेत. क्लबाच्या नावापुढची जागा तेवढी कोरी ठेवली आहे.